पाट्यांच्या खोलीतली कपाशी

“बाई, तुमच्या त्या थापांनी मशीनचं पोट फुटलंय!”

डिस्पॅचचे शिरसाट साहेब दारातूनच ओरडले. त्यांचा आवाज असा, की ते मागे येऊन उभे राहिले की मी टाइप करत असलेली अक्षरं आपोआप कॅपिटल व्हायची.

“कसल्या थापा, साहेब?”

“जेवणाच्या सुट्टीत टर्मिनलवर लिहून लॅबमधल्या पोरींना पाठवता त्या. वाघ सायकलवर बसून भोकरदनला गेला म्हणे. त्यानं सगळी डिस्क भरली. सकाळपासून एक चलन निघत नाही.”

“वाघ एसटीनं गेला होता. सायकल अस्वलाची.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की समोरच्या ग्लासातलं पाणी तापलं. खोटं सांगत नाही. त्या पाण्यात मी नंतर चहाची पावडर टाकून प्यायले.

जालन्यातली ती बियाण्यांची कंपनी. जून लागलेला, पेरणी तोंडावर आलेली, आणि फाटकाबाहेर बियाणं न्यायला आलेल्या ट्रकांची रांग. सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवले तेव्हा आमच्या गोदामाचे दोन पत्रे उडाले. एक रेल्वे फाटकापाशी मिळाला, दुसरा परतूरला. चलन, म्हणजे माल बाहेर न्यायचा कागद, छापून हातात पडल्याशिवाय ट्रक हलायचा नाही, आणि चलन काढायचं ते आमच्या एकुलत्या एका युनिक्स सर्व्हरनं. तो काचेच्या केबिनमध्ये, एसीत बसायचा. आम्ही सगळे पंख्याखाली. डिस्पॅच, लॅब, संशोधन, जिथे तिथे त्याचे टर्मिनल पसरलेले, आणि त्या सगळ्या पसाऱ्याची राखण माझ्याकडे.

म्हणजे आधी होती. दिवाळीनंतर मुख्य पासवर्ड शिरसाटांनी माझ्याकडून काढून घेतला होता. त्याचं असं झालं. आमच्या शेठजींकडे लक्ष्मीपूजनाला वहीपूजन मोठं. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, हिशेब आता वहीत कुठे राहिलेत, ते टेपवर असतात, तर टेपचीच पूजा करा. बॅकअपच्या सगळ्या टेप चौरंगावर मांडल्या. प्रत्येकीवर हळद, कुंकू, अक्षता, वरून गुलाबपाणी. दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन पुसायला बसले, तर शिरसाट म्हणाले, “लक्ष्मी पुसतात का, बाई?” आणि स्वतःच्या हातानं एक टेप ड्राइव्हमध्ये सरकवली. ड्राइव्हनं जातं फिरल्यासारखा आवाज काढला, लाल पाणी ओकलं आणि जीव सोडला. टेपही सगळ्या गेल्या.

मग शेठजींसमोर ठरलं काय? तर देऊळगावकर बाई मशीनची निगा राखत नाहीत. बॅकअप शिरसाटांकडे गेला, पासवर्ड त्यांच्याकडे गेला, टेपच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला गेली. पुण्याहून दुसरा ड्राइव्ह आला तेव्हा मी रजेवर होते. इंजिनिअर येऊन बसवून गेलासुद्धा.

तर त्या सकाळी मी म्हटलं, “साहेब, आधी वाघाचं वजन तर करू.”

मी माझ्या टर्मिनलवरून बेरीज मांडली. कुणाच्या कप्प्यात किती माल आहे हे मशीनला विचारता येतं. माझे वाघ-अस्वल सगळे मिळून डिस्पॅचच्या एका दिवसाच्या चलनांसमोर चिमूटभरसुद्धा नव्हते. पण डिस्पॅच, हिशेब, लॅब, संशोधन, सगळ्यांचे कप्पे एकत्र केले तरी डिस्क जेमतेम अर्धी भरत होती. आणि मशीन म्हणत होतं, पूर्ण भरली, जागा शिल्लक नाही.

“अर्धी डिस्क कुणाच्याच नावावर नाही, साहेब. कुठेतरी काहीतरी बसलंय. मला मुख्य पासवर्ड द्या, शोधते.”

“म्हणजे पुन्हा पासवर्ड तुमच्या हातात. समजतो मी. शोधायला वेळ कुणाला आहे? पुसायचं.”

“काय पुसायचं?”

“संशोधन. विक्रीला त्याचा उपयोग शून्य.”

मी उभीच राहिले. “डॉक्टरांना विचारलंत?”

“विचारायचं काय त्यात? टेपवर आहे ना. काल संध्याकाळीच सीझनच्या तोंडावर सगळ्याचा बॅकअप घेतलाय मी. तुम्हाला अख्खी दुपार लागायची. माझा चहा निवायच्या आत झाला. काम करायची नियत लागते, बाई.”

ते केबिनमध्ये गेले, मुख्य पडद्यासमोर बसले आणि मी काच ठोकेपर्यंत पुसून मोकळे झाले.

जागा झाली. प्रिंटर करकरू लागला. शिरसाट छाती काढून फाटकापर्यंत जाऊन आले. चार-दोन ट्रक गेले असतील नसतील, प्रिंटर पुन्हा गप्प. मोकळी झालेली जागा साचलेल्या चलनांनीच गिळली होती. या खेपेला टर्मिनलही गोठले. जिवंत उरला तो केबिनमधला मुख्य पडदा तेवढा.

आणि तेवढ्यात डॉक्टर गणोरकर आले.

डॉक्टर म्हणजे कपाशीचे. अमरावतीकडचे, इतके उंच की त्यांच्या शेतात बुजगावणं लावायची गरज नव्हती, ते स्वतःच बांधावर उभे राहिले तर पाखरं बदनापूरला जाऊन बसायची. एकोणीस वर्षं हा माणूस एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला लावत होता. कोणती आई, कोणता बाप, झाड किती वाढलं, बोंड किती भरलं, अळीनं किती खाल्लं, सगळं नोंदवलेलं. ते सगळं मीच त्यांच्या मागे लागून कागदावरून मशीनमध्ये घेतलं होतं. पुढे मी गोदामात ठेवायला लावलेल्या त्यांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. काही लागलं तर भिंतीकडे बघून सांगायचे.

त्या दिवशी मात्र सरळ माझ्याकडे बघितलं. हातात परखी होती, पोत्यात खुपसून बियाण्याचा नमुना काढायची ती टोकदार नळी.

“बाई, माह्या टर्मिनलवर काहीच नाही. काय करून राहिले तुम्ही लोकं?”

“मी नाही, डॉक्टर.”

“मी पुसलंय,” शिरसाट म्हणाले. “ट्रक उभे आहेत बाहेर. तुमचं टेपवर आहे सगळं. संध्याकाळी परत टाकतो.”

“संध्याकाळी? उद्या सकाळी शेतावर पेरा आहे माझा. पाकिटांवर नुसते नंबर आहेत. कोणता नंबर कोणाचा लेक, ते त्या डब्यात होतं. आत्ता टाका.”

“डॉक्टर, आवाज कमी.”

“अजून काढला नाही मी आवाज.”

शिरसाटांनी जानव्याची किल्ली ओढून कपाट उघडलं. टेप बाहेर काढली. नवी कोरी, चकचकीत, वर सुंदर अक्षरात कालची तारीख. ड्राइव्हमध्ये घातली, इंजिनिअरनं लिहून दिलेली टेप वाचायची आज्ञा दिली. मशीन म्हणालं, वाचता येत नाही. दुसरी घातली. तेच. तिसरी.

“रिकाम्या आहेत का?” डॉक्टरांनी विचारलं.

शिरसाटांनी टेपवरची तारीख पुन्हा वाचली.

“ओ डिस्पॅचवाले, तुम्हाला विचारून राहिलो. रिकाम्या आहेत?”

“ड्राइव्ह खराब असेल. बाईंनी काहीतरी…”

“माझ्याकडे किल्ली नाही, पासवर्ड नाही,” मी म्हटलं. “दिवाळीनंतर आज पहिल्यांदा आत पाऊल टाकतेय.”

डॉक्टर खाली बसले. सरळ फरशीवर. बसूनही ते शिरसाटांच्या खांद्याला लागत होते. परखी मांडीवर आडवी. बराच वेळ ते स्वतःशीच पुटपुटत होते, काही आकडे, काही नावं. आठवून बघत असावेत. मग थांबले. पुढचं आठवेना, हे त्यांच्या तोंडावरून कळलं.

“रोज संध्याकाळी हा इथे बसून काहीतरी भरत होता,” ते म्हणाले. “पोत्यात गेलं नाही. मग गेलं कुठं? उंदरांनी खाल्लं तरी लेंड्या दिसतात, बाई.”

शिरसाट एकदम ताठ झाले. “असं करतो. जे उरलंय त्याचा आत्ताच्या आत्ता बॅकअप घेतो. निदान डिस्पॅचचं तरी वाचवू. उद्या शेठजी विचारतील, तुम्ही काय केलंत, तर सांगायला हवं.” आणि ते पुन्हा मुख्य पडद्यासमोर बसले. बोटं टाइप करू लागली, तीच रोजची आज्ञा.

माझ्या डोक्यात लेंड्या घुमत होत्या. चहा निवायच्या आत. टेपला कधी इतकी घाई असते? आणि ती कुणाच्याच नावावर नसलेली अर्धी डिस्क.

“साहेब, ती आज्ञा देऊ नका.”

“का?”

“द्याल तर पस्तावाल.”

“मला शिकवू नका, बाई.” बोट एंटरकडे निघालं.

समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि माझं खरं त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं. म्हणून मी खोटं बोलले.

“तसं नाही हो. आजच्या गडबडीनंतर जो कुणी बॅकअपला हात लावेल ना, त्याचं नाव हे मशीन बंगलोरला कळवतं. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य ऑफिसात. डेटा गेलेल्या दिवशी कोण बसलं होतं, त्याचा फोटोच उमटतो म्हणे तिथे. तो मोडेम बघा.”

मोडेमचा लाल दिवा लुकलुकत होता. तो सदानकदा लुकलुकायचा, फोनची लाइनच तशी होती. शिरसाटांनी दिव्याकडे पाहिलं. मग नकळत हातानं केस सारखे केले.

“फोटो?”

“पाठमोरा आला तर नुसतं नाव लावतात. परभणीला एकाचा आला होता. त्याची बदली लडाखला झाली, आता याकच्या लोकरीचा हिशेब ठेवतो.”

“मला काय भीती आहे?” असं म्हणत ते खुर्चीतून उठलेसुद्धा. “निगराणी तर तुमची होती. तुम्ही बसा. तुमच्या हातानं द्या आज्ञा.”

“पासवर्ड?”

“उघडंच आहे. बसा, बसा. इकडे तोंड करून बसा. दिसू दे.”

मी बसले. मोडेमकडे बघून पदर सारखा केला. शिरसाटांनी टाइप केलेली ओळ खोडून टाकली आणि सगळ्या मशीनमध्ये सगळ्यात मोठी वस्तू कुठे आहे, ते शोधायला सांगितलं.

मशीन जरा वेळ घुटमळलं आणि मग एकच नाव दाखवलं. पण जागा बघून मी ती ओळ पुन्हा वाचली. सर्व्हरमध्ये एक कप्पा असा असतो, की तिथे माल कधी ठेवतच नाहीत. तिथे नुसत्या पाट्या. प्रिंटर इकडे, टर्मिनल तिकडे, टेप त्या दारानं. आपण पाटीच्या नावानं माल टाकायचा, मशीन तो मागच्या दारानं खऱ्या यंत्रात पोचवतं. माझ्या सकाळच्या बेरजेत हा कप्पा मी धरलाच नव्हता. पाट्यांचं कुणी वजन करतं का?

त्या पाट्यांच्या खोलीत छतापर्यंत ढीग लागला होता. त्याचं नाव होतं जुन्या टेप ड्राइव्हचं. कुंकवानं मेला त्याचं.

“हे काय आहे?” डॉक्टर माझ्या मागे येऊन उभे होते. परखीचं टोक पडद्याला टेकलेलं.

“नवा ड्राइव्ह आला, त्याला नवी पाटी लागली,” मी म्हटलं. “साहेब रोज जुन्याच पाटीवर माल टाकत राहिले. त्या पाटीमागे आता दार नाही. मग मशीननं तिथेच, खोलीतच, साठवला. दर खेपेला आधीचा ढीग फेकायचा आणि नवा रचायचा.”

“आणि काल?”

“एरवी डिस्पॅचपुरता असायचा, काल साहेबांनी सगळ्याचा बॅकअप घेतला. सगळ्याचा, डॉक्टर. म्हणून डिस्क भरली.”

मी त्या ढिगाला विचारलं, तुझ्यात काय काय आहे? नावं सरकायला लागली. डिस्पॅच, डिस्पॅच, हिशेब, लॅब. मग संशोधन. कपाशी. आई, बाप. संकर पहिला, संकर दुसरा. डॉक्टर ओठ न हलवता वाचत होते.

“आता त्यानं ती आज्ञा दिली असती तर?” त्यांनी विचारलं.

“हा ढीग फेकला असता. आणि नवीन रचला असता. तुमच्याशिवाय.”

डॉक्टरांनी परखीचं टोक पडद्यावरून काढून शिरसाटांकडे वळवलं.

शिरसाट भानावर आले ते असे: “म्हणजे डिस्क यानंच भरलीय ना? मग उडवा तो ढीग! आत्ता. अर्धी डिस्क मोकळी. चलनं सुरू.”

“आधी टेपवर चढवते. खऱ्या पाटीनं. मग उडवते.”

“किती वेळ?”

“टेपला लागतो तेवढा. अख्खी दुपार. मला लागायची तेवढीच.”

“वेड लागलंय का बाई? बाहेर ट्रकवाले गेट उपटून नेतील!” त्यांनी इंटरकॉम उचलला. “शेठजी, बाई काम अडवून बसल्यात.” पलीकडून शेठजींचा आवाज आला, तो फोनशिवायही ऐकू आला असता. शिरसाटांनी रिसीव्हर माझ्या कानाशी धरला.

“देऊळगावकर, जागा करा. लगेच. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

“हो शेठजी, करतेच आहे,” म्हटलं आणि फोन ठेवून दिला. करतच होते. नव्या ड्राइव्हला तू कोणत्या नावानं ओ देतोस हे मशीनलाच विचारलं, त्याची पाटी मिळाली, कोरी टेप घातली आणि ढीग चढवायला लावला. पहिल्यांदाच त्या ड्राइव्हचा टेपवर लिहितानाचा हिरवा दिवा लागला. एवढे महिने त्याच्या पुढ्यात बसून शिरसाटांना तो कधी लागत नाही, हे दिसलं नव्हतं.

“सरका,” शिरसाट माझ्या खुर्चीकडे आले. “मी उडवतो.”

डॉक्टर मध्ये उभे राहिले. परखी दोन्ही हातांत आडवी धरली, केबिनच्या दाराच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. शिरसाट मागे सरकत सरकत बाहेर, आम्ही आत. मग डॉक्टरांनी कडी लावली.

ती दुपार काय वर्णावी! शिरसाट काचेवर नाक दाबून उभे. त्यांच्या मागे हिशेबवाले, त्यांच्या मागे हमाल, आणि सगळ्यात शेवटी एक सरदारजी ट्रकवाला. तो इतका चिडलेला, की त्यानं फुंकर मारली आणि आमच्या काचेवर आतल्या बाजूनं वाफ धरली. डॉक्टर पाठ करून उभे. माझ्याकडेही पाठ. एकदाच म्हणाले, “बाई, तुम्ही मला त्या वेळी सांगितलं होतं, कागदाला वाळवी लागते, मशीनला लागत नाही.”

“सांगितलं होतं.”

“खोटं होतं ते.”

“ते मला तेव्हा खरं वाटत होतं, डॉक्टर.”

“मग जास्त वाईट.”

टेप थांबली. मी ती पुन्हा वाचून बघितली. नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकली. मगच पाट्यांच्या खोलीतला ढीग उडवला. डिस्क भक्कन मोकळी झाली, टर्मिनल जागे झाले, डिस्पॅचमधून कुणीतरी “आलं, आलं!” म्हणून ओरडलं. मग टेपवरून संशोधन परत जागेवर आणलं.

डॉक्टर माझ्या खुर्चीवर वाकले आणि एकेक कप्पा उघडायला लावू लागले. हा दाखवा. आता तो. त्याचा बाप दाखवा. एका ठिकाणी थांबले, बोंडाचं वजन बोटानं पुसल्यासारखं केलं. “बरोबर आहे,” म्हणाले. मला नव्हे, पडद्याला.

मी वाट बघत होते. माणूस आहे, एवढ्यावर काहीतरी बोलेल.

“छापा,” ते म्हणाले.

“काय?”

“सगळं. पहिल्या पानापासून. कागदावर पाहिजे मला. तुमच्या डब्यावर माझा भरवसा नाही, टेपवर नाही, आणि राग मानू नका, तुमच्यावरही नाही.”

कडी काढल्याबरोबर शिरसाट आत घुसले. “छापणार कुठे? प्रिंटर एकच आहे! चलनांची रांग लागलीय त्यावर! बाई, उठा. खुर्ची सोडा. झालं ना तुमचं? पासवर्ड बदलायचाय मला.”

प्रिंटरची रांग माझ्यासमोर पडद्यावरच होती. वर चलनं, खाली चलनं. मुख्य पासवर्डवाल्याला त्या रांगेत कुणालाही कुणाच्याही पुढे बसवता येतं. मी कपाशीला पहिल्या नंबरावर बसवलं आणि एंटर दाबलं.

पलीकडच्या खोलीत प्रिंटर थबकला, कागद एकदा मागे ओढला, आणि मग नव्या चालीनं करकरू लागला. डॉक्टर लांब ढांगा टाकत तिकडे गेले आणि निघणाऱ्या कागदाखाली दोन्ही हात धरून उभे राहिले. बाहेर सगळ्या ट्रकांनी मिळून हॉर्न धरला.

“किती पानं आहेत ती?” शिरसाटांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

“एकोणीस वर्षांची आहेत, साहेब. बसा,” मी म्हटलं. खुर्ची मात्र सोडली नाही.